मावशी आणि बत्तीसशे वर्षांचा हिमगुरू

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी विक्रोळीच्या मावशींचं नाव सांगतो. नाव म्हणजे ‘मावशी’ एवढंच. खरं नाव लिहायचं नाही ही त्यांची अट आहे. “नाव घातलंस तर तुझ्या ऑफिसात फोन करीन,” असं त्यांनी बजावलंय, आणि ज्यांनी त्यांचा फोन एकदा घेतलाय त्यांना या धमकीचं वजन कळेल. या लिखाणात आणखी एक गृहस्थ येतात. त्यांचीही परवानगी घेतली आहे. ती मावशींच्या मार्फत आली.

मी परभणीकडचा, एका तालुक्याच्या गावातला. वडील शिंपी. आमच्या घराण्यात पदवी मिळवलेला मी पहिला, आणि घरच्यांनी ही गोष्ट इतक्या लोकांना सांगितली आहे की आता मलाच गावात फिरताना संकोच वाटतो. पदवीचं शेवटचं वर्ष मी मुंबईत राहून बाहेरून दिलं. माझा एक चुलतभाऊ मावशींच्या वन-रूम-किचनमध्ये प्लायवुडच्या पार्टिशनमागे कॉटवर राहायचा. तो आखातात नोकरीला गेला आणि जाताना कॉट मला देऊन गेला, जणू काही ती त्याचीच होती. मावशींनी मला दारातच उभं केलं आणि विचारलं, “घोरतोस?”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

“खरं बोलतो,” त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. मुलाखत संपली.

मावशी मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, आणि त्या स्वतः विक्रोळीतल्या एका मोठ्या कारखान्यात चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं इमारतीतल्या एका नव्या बाईंनी विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, “लाइन व्यस्त होती.” त्या बाई पुन्हा काही विचारायला वर आल्या नाहीत.

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्यांच्यातली ऑपरेटर काही निवृत्त झाली नव्हती. घरात लँडलाइन होती, आणि ती वाजली की मावशी आधी पदर सारखा करायच्या, मग रिसीव्हर उचलायच्या. समोरचा माणूस नुसता श्वास घेऊन थांबला तरी तो कोण ते ओळखायच्या. पाहुणा बोलत असताना कुकरची शिट्टी झाली तर “लाइनवर राहा” म्हणून आत जायच्या. आणि कोणी घोळ घालून बोलायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: “नाव, काम, गप.” आपण कोण ते सांगावं, काय हवंय ते सांगावं, आणि मग गप्प राहून दुसऱ्याला बोलू द्यावं. त्यांच्या मते जगातली बहुतेक भांडणं तिसऱ्या शब्दापाशी होतात.

मला नोकरीच्या मुलाखती जमत नव्हत्या. मी प्रत्येक उत्तर वडिलांपासून सुरू करायचो. तेव्हा मावशींनी मला पंधरा दिवस मोबाइल देऊन स्वयंपाकघरात उभं केलं आणि स्वतः बाहेरच्या खोलीतून लँडलाइनवरून मला फोन लावला. अंतर दहा फूट. “बोला, आपलं काम?” मी बोलायला लागायचो, त्या फोन ठेवायच्या. पुन्हा लावायच्या. पंधराव्या दिवशी त्यांनी फोन ठेवला नाही. आज मी कोणाशीही न अडखळता बोलतो, फक्त समोर कुणाच्या घरी ओटा दिसला की जरा घाबरतो.

माझा निकाल लागला त्या सकाळी त्यांनी जुनी वही काढून कारखान्यातल्या अकरा निवृत्त माणसांना फोन केले. “आमच्याकडचा मुलगा पदवीधर झाला,” एवढं सांगायचं आणि अभिनंदन ऐकायच्या आत ठेवून द्यायचं. शेवटच्या फोननंतर मला म्हणाल्या, “आता जेव.” माझ्या पदवीचा समारंभ तो एवढाच झाला. विद्यापीठाचाही होता म्हणतात, पण मी गेलो नाही. त्यापुढे तो फिका पडला असता.

पदवी मराठीतली. तिच्या जोरावर मला पवईला, तलावाच्या बाजूच्या एका काचेच्या इमारतीत, एका ॲपच्या कंपनीत नोकरी लागली. हुद्दा मोठा होता: भाषा-तज्ज्ञ. काम असं, की चिनी कादंबरी, तिचं यंत्रानं केलेलं इंग्रजी, त्या इंग्रजीचं यंत्रानं केलेलं मराठी, आणि त्या मराठीचं मराठी करायला मी. यंत्र लिहायचं, “त्याने आपला थंड चेहरा तिच्याकडे पाठवला.” चेहरा कुरिअरनं गेला की हातोहात, हे ठरवायला कंपनीनं पदवीधर ठेवला होता.

कादंबरीचं नाव ‘हिमगुरू आणि त्याची शंभरावी शिष्या’. हा प्रकार ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगतो. यात माणसं डोंगरावर बसून साधना करतात. श्वास कोंडतात, औषधी गोळ्या खातात, आणि एकेक पायरी वर चढतात. अशा नऊ पायऱ्या, प्रत्येक पायरीला नऊ उपपायऱ्या. मोठी पायरी चढली की आकाशातून वीज पडते. तिच्यातून वाचला तो पुढे, नाही वाचला तो खलास. आमच्या भागात याला स्पर्धा परीक्षा म्हणतात. शेवटी माणूस अमर होतो. अमर होऊन काय करायचं, याचा विचार केलेला नसतो, म्हणून मग प्रेम घालतात. आमचा हिमगुरू बत्तीसशे वर्षांचा, दिसायला पंचविशीचा, आणि अख्ख्या बत्तीसशे वर्षांत एकदाच हसलेला, तेही चोविसाव्या प्रकरणात. शिष्या सतरा वर्षांची, मनानं निर्मळ, तब्येतीनं नाजूक. दर चार प्रकरणांनी तिला रक्ताची उलटी व्हायची. रोज सकाळी सहाला एक प्रकरण ॲपवर यायचं. मी लागलो तेव्हा आठशेच्या पुढे गाडी गेली होती आणि शेवटाचं नाव कोणी काढत नव्हतं, कारण कादंबरी संपली तर ॲपला कोण विचारणार.

मी नेमकं करतो काय, हे बघायला म्हणून मावशींनी पहिलं प्रकरण वाचलं. डोळे बारीक करून, मोबाइल हातभर लांब धरून. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “हा माणूस कामाला कुठे आहे?”

मी म्हणालो, तो गुरू आहे, डोंगरावर असतो.

“ते कळलं. खातो काय?”

“गोळ्या.”

“आणि भांडी कोण घासतं?”

आठवडाभर त्यांनी असाच छळ केला. पांढरे शुभ्र कपडे आणि वर रक्ताच्या उलट्या, मग धुता कोण? एवढा मोठा मठ, शंभर शिष्या, आणि पाणी भरतानाचं एकही प्रकरण नाही. गुरू बोलायच्या आधी त्याच्या पापण्यांचं वर्णन अर्धं पान. “आमच्या टेलिफोन बोर्डावर असता तर लाइन कट झाली असती मेल्याची, पापण्यांपाशीच.” दुसऱ्या आठवड्यात त्या साडेपाचला उठायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात मी उठायच्या आत प्रकरण वाचून झालेलं असायचं आणि चहाबरोबर दोष वाढले जायचे. महिनाअखेरीस जुनी आठशे प्रकरणं संपली होती. ऑफिसात आमच्या टीम लीडनं, अंधेरीच्या चोवीस वर्षांच्या हुशार, मराठी न वाचणाऱ्या मुलानं, मला विचारलं होतं की आपला वाचक कोण आहे यार. मी म्हणालो, माझ्या मावशी. तो म्हणाला, “क्यूट.”

त्यांचा सगळ्यांत मोठा राग तीनशे चाळिसाव्या प्रकरणावर होता. त्यात शिष्या बघते की गुरू दुसऱ्या एका बाईच्या केसांत सोन्याचा काटा खोवतोय. खरं तर तो त्या बाईचं विष उतरवत असतो. हे तो सांगत नाही. ती विचारत नाही. दोघं पुढची दोनशे ऐंशी प्रकरणं वेगवेगळ्या डोंगरांवर जाऊन दुःख करतात, मध्ये एक युद्ध होतं, दोन राज्यं बुडतात.

“अकरा सेकंद,” मावशी म्हणायच्या. “मला एक बोर्ड आणि दोन वायरी द्या. अकरा सेकंदांत दोघांना जोडून देते. राज्यं तरी वाचतील.”

पण त्या वाचत होत्या. हे मला बरेच दिवस कळत नव्हतं, आणि मी ते विचारलं तेव्हा त्यांनी चेष्टा केली नाही. भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, बोर्ड बंद झाला, स्वयंचलित यंत्र आलं, तेव्हा मला गेटवर पाहुण्यांचे पास लिहायला बसवलं. चौतीस वर्षांत मी काय शिकले ते कोणी बघितलं नाही. यांच्या डोंगरावर निदान पायरी चढली की वीज पडते. चारी दिशांच्या लोकांना दिसतं की ही बाई चढली. “माझ्यावर कधी ट्यूबलाइटसुद्धा पडली नाही,” असं म्हणून त्यांनी मेथीची जुडी झटकली. मला त्या दिवशी माझं कामही जरा बरं वाटलं. माझ्या वडिलांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पँटी उंच केल्या, स्वतः कुठली पायरी चढले ते कुणाला दिसलं नाही. या भिकार कादंबरीत एवढी एक गोष्ट खरी होती, की केलेलं वाया जात नाही. बाहेर असं असतं तर ॲप चाललंच नसतं.

आता दुसरे गृहस्थ. मावशी त्यांना ‘मुलुंडवाले’ म्हणायच्या, म्हणून मीही. ते त्याच कारखान्यात फिटर होते, देवगडकडचे, बायको जाऊन पुष्कळ वर्षं झालेली. गेली वीस वर्षं दर गुरुवारी दुपारी चारला यायचे. दाराजवळच्या खुर्चीत बसायचे, आणि घरात जे काही बिघडलं असेल ते न विचारता हातात घ्यायचे. मिक्सर, पंख्याचा रेग्युलेटर, माझ्या बॅगेची चेन. काही बिघडलेलं नसेल तर मावशी आदल्या दिवशी काहीतरी बिघडवून ठेवायच्या. बुधवारी त्यांना खिडकीच्या कडीचा स्क्रू सैल करताना मी स्वतः पाहिलंय. चहा व्हायचा. साडेपाचला ते उठायचे. “येतंय,” असं म्हणून जायचे, आणि पुढच्या गुरुवारपर्यंत यायचे नाहीत. गुरुवारी मी घरून काम करायचो, म्हणून हे सगळं माझ्यासमोर चालायचं.

मावशींनी त्यांनाही कादंबरी वाचायला लावली. चर्चेला कोणीतरी हवं, आणि मी पगारी असल्यामुळे माझं मत धरलं जात नव्हतं. मुलुंडवाल्यांना तलवारीवर उभं राहून उडणं मान्य नव्हतं. तोल कसा राहील, पाय कुठे अडकवणार, वळण कसं घेणार. पण खुर्चीत टेकल्याबरोबर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, “त्या चेडवाचा काय झाला?” मावशी सांगायच्या, पोरीला पुन्हा उलटी झाली. ते मान हलवायचे. त्यांना खरंच वाईट वाटायचं.

मी रोज आठ तास प्रेमकथा दुरुस्त करत होतो. असा माणूस घरी आल्यावर धड कसा राहील? मी मावशींकडे आणि मुलुंडवाल्यांकडे बघायला लागलो आणि मला सगळं दिसायला लागलं. वीस वर्षांचे गुरुवार. न बोललेलं वाक्य. सैल केलेला स्क्रू. माझ्या अंगावर काटा यायचा. बहुधा तो कादंबरीतलाच होता.

एका गुरुवारी मला ताप होता म्हणून मी पार्टिशनमागे पडून होतो. त्यांना वाटलं मी झोपलोय. मुलुंडवाले सांगत होते की गावच्या घराचं काम पुरं झालंय, महिनाअखेरीस कायमचं जायचं ठरतंय. स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकल्याचं ऐकू आलं. मग ते म्हणाले, “वीस वर्षां झाली. तुमी येतलात काय?”

मावशी म्हणाल्या, “सांगण्यासारखं असतं तर मी फोन केला असता.”

मुलुंडवाल्यांनी बरं म्हटलं. कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला. साडेपाचला ते नेहमीसारखे गेले.

आता कोणीही समजूतदार माणूस कूस बदलून झोपला असता. मी पदवीधर. मला वाटलं, हे तीनशे चाळिसावं प्रकरण चाललंय आणि अकरा सेकंदांचं काम करायला बोर्डावर मी एकटा आहे. दुसऱ्या दिवशी ताप उतरला नव्हता तरी ऑफिसला गेलो. शनिवारचं प्रकरण माझ्यासमोर होतं. त्यात नेहमीप्रमाणे गुरू निघून जात होता आणि शिष्या पाठमोरी उभी होती. मी गुरूच्या तोंडी घातलं, “तीन हजार वर्षे झाली. तू येशील का?” शिष्या सतरा वर्षांची, हे तापात आठवलं नाही. शिष्येच्या तोंडी घातलं, “सांगण्यासारखे असते तर मी साद घातली असती.” इथवर चोरी. पुढे माझी प्रतिभा. ती रडते. ती धावते. बर्फातून अनवाणी खाली येते, त्याच्या बाहीला धरते आणि म्हणते, “सांगण्यासारखे होते. रोज होते. मला बोलायचे धैर्य नव्हते.” मी स्वतः टाइप करताना रडलो. तापामुळेही असेल.

माझा हिशेब सोपा होता. मावशी सहाला वाचतील, त्यांना स्वतःचं मन कळेल, त्या मुलुंडला फोन लावतील. ते प्रकरण आणखी एक माणूस वाचतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गेले कित्येक महिने दर गुरुवारी मी ते माझ्या डोळ्यांनी पाहत होतो, तरी आलं नाही.

शनिवारी दहा वाजता बेल वाजली. दारात मुलुंडवाले. शनिवारी. पांढरा, कडक इस्त्रीचा शर्ट, ओल्या केसांत कंगव्याच्या रेषा, हातात काही नाही, स्क्रूड्रायव्हरची पिशवीसुद्धा नाही. “घरात असत?” त्यांनी विचारलं. मला वाटलं, जमलं. एवढा आनंद मला स्वतःच्या निकालाच्या दिवशी झाला नव्हता. मी दूध आणायला जातो म्हणालो. ओट्यावर दोन पिशव्या दूध होतं. खाली उतरून मी खारफुटीच्या कुंपणापर्यंत गेलो, तिथे डास चावून घेतले आणि अर्ध्या तासानं परत आलो. ते जिना उतरत होते. मला बघून थांबले, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“बरा लिवतंस,” म्हणाले आणि गेले.

मी वर गेलो तेव्हा मावशी ओट्याशी उभ्या होत्या. मला बस म्हणाल्या. मी बसलो.

“भिंतीपलीकडून ऐकलंस?”

“हो.”

“किती लोक वाचतात ते?”

मी सांगितलं, मुंबईत, पुण्यात, नागपूरला, सगळीकडे. अजूनही मला कळलं नव्हतं. माझ्या आवाजात थोडा अभिमान होता.

“मी चौतीस वर्षं बोर्डावर बसले,” त्या म्हणाल्या. “कोणाचं लग्न मोडतंय, कोणाला काढणार आहेत, कोण कोणाकडे रडतंय, सगळं या कानांनी ऐकलं. एक शब्द बाहेर गेला नाही. तेच काम होतं, रे. जोडायचं आणि कान बंद करायचे. तू न जोडलेलं जोडलंस, आणि वर गावभर ऐकवलंस.”

मी म्हणालो, “मला वाटलं तुम्ही दोघं वाट बघताय. वीस वर्षं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पहिल्या प्रकरणाकडे पाहिलं होतं तसं.

“वाट? मी वाट बघत नव्हते. मी राहत होते. माझं घर, माझी पेन्शन, माझा गुरुवार. तुझ्या त्या पुस्तकात बाईला दुसरं कामच नाही, थांबण्याशिवाय. म्हणून तुला वाटलं थांबलेली दिसते. मला नाही म्हणायचं होतं, ते मी म्हटलं होतं. त्यांना दुखणार नाही असं. त्यांनी ते ऐकलं होतं, चहा पिऊन गेले होते. पुढच्या गुरुवारी आले असते, जाईपर्यंतचे सगळे गुरुवार आले असते. आता तेच मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं. उघड. इस्त्रीच्या शर्टासमोर.”

मी काहीतरी बोलायला गेलो.

“गप रव,” मावशी म्हणाल्या.

त्यांनी मला घराबाहेर काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला म्हणाल्या, “नमस्कार. चहा ठेवला आहे. आपण घेणार का?” तो कारखान्याचा आवाज होता, परक्या माणसासाठी ठेवलेला, गोड आणि सरळ. मला दोन वर्षांत त्यांनी कधी ‘आपण’ म्हटलं नव्हतं. आता रोज म्हणत होत्या. गुरुवारी चार वाजले. साडेपाच वाजले. खिडकीची कडी सैल होती, ती वाऱ्यानं वाजत राहिली. मावशींनी उठून तिथे वर्तमानपत्राची घडी खोवली. मोबाइलमधून ॲप काढून टाकलेलं होतं.

ऑफिसात मात्र माझ्यावर वीज पडली. त्या प्रकरणाखाली वाचकांनी हृदयांचा खच पाडला होता. एक बाई लिहीत होत्या की हे वाचून त्यांनी माहेरी फोन केला. टीम लीडनं मला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या आणि मला भावनिक प्रसंगांचा प्रमुख केलं. अडचण एवढीच होती की मूळ कादंबरीत ती दोघं अजून बोलत नव्हती. यंत्राकडून रोज अबोला यायचा आणि माझ्याकडे त्यांचं जमलेलं होतं. शेवटी मी दोघांना विस्मरणाची गोळी खायला घातली. वाचकांना तीही आवडली. एवढ्या मोठ्या लबाडीला इतका छोटा उपाय फक्त तिथेच मिळतो.

महिना संपायला आठ दिवस उरले होते. मी घाटकोपरला एका मित्राच्या खोलीत राहायला गेलो, कारण ‘आपण’ ऐकवत नव्हतं. सामान नेताना मावशींनी दार धरून ठेवलं, “सावकाश जा” म्हणाल्या, आणि मला कळलं की मी हे असंच राहू दिलं तर मुलुंडवाले गावाला जातील, आणि त्या घरातल्या वीस वर्षांतला शेवटचा चहा म्हणून तो शनिवार राहील. तो शनिवार मी घडवला होता. फोन करणं शक्य नव्हतं. त्या बाईंना फोनवरचं पाठ केलेलं वाक्य पहिल्या श्वासाला ओळखू येतं. म्हणून पत्र लिहिलं, आणि पोस्टाच्या भरवशावर न सोडता स्वतः जाऊन त्यांच्या इमारतीखालच्या पत्रपेटीत टाकलं. ते असं:

मावशी,

साष्टांग नमस्कार.

तुम्ही जे बोललात त्यातलं एकही वाक्य मला जास्तीचं वाटत नाही. मी तुमच्या घरात ऐकलेलं विकलं. त्या दिवशी मला ते प्रेम वाटत होतं. आता त्याला काय म्हणायचं ते मला माहीत आहे, पण ते लिहून मी तुमच्याकडून सहानुभूती मागणार नाही.

त्या शनिवारचं प्रकरण मी काल बदललं. मूळ जसं होतं तसं ठेवलं. गुरू जातो, ती पाठमोरी उभी राहते. खाली लिहिलं की आधीचा मजकूर लेखकाचा नव्हता, तो भाषांतर करणाऱ्याने घातला होता आणि त्याला तो घालायचा अधिकार नव्हता. वाचक फार चिडले आहेत. ऑफिसने मला त्या कादंबरीवरून काढून विनोदांच्या विभागात टाकलं आहे. हे मी दया यावी म्हणून सांगत नाही. तुमचे शब्द आता तिथे नाहीत, एवढं तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो.

परवा मी मुलुंडला गेलो होतो. तुम्हाला विचारून जायला हवं होतं, पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मग मी गेलोच नसतो. मी त्यांना सांगितलं की तुम्ही मला काही बोलला नव्हता, मी भिंतीपलीकडून ऐकलं, आणि पुढचं सगळं माझ्या मनाचं होतं. मी माफी मागितली. ते ट्रंकेला कुलूप बसवत होते. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा केला, आणि मग बराच वेळ बोलले. तुमच्याविषयीही बोलले.

ते काय बोलले ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही विचारलंत तरी सांगणार नाही.

निघताना मी त्यांना विचारलं की यातलं काही मावशींना कळवू का. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि एवढंच कळवायला सांगितलं: गाडी शुक्रवारची आहे. गुरुवारी चारला ते घरीच आहेत, आणि त्यांच्या स्वयंपाकघराचा नळ गळतो आहे.

आपला,
पार्टिशनमागचा